अपन रझाकार थे क्या?

गेल्या वर्षीच्या १७ सप्टेंबरची गोष्ट. पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोलीत, त्या दिवशी सकाळी झेंडावंदन असते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. अलीकडे आमच्या वाशीम जिल्ह्यात मात्र शाळा नेहमीसारखी भरते, कारण आम्ही वऱ्हाडातले. पण मोबाईलला नदी आडवी येत नाही. निझाम, रझाकार, जळणारी गावे, तलवारी आणि मागे जोरजोरात वाजणारे संगीत अशी एक चित्रफीत त्या दिवशी सगळीकडे फिरत होती. आमचा धाकटा पाचवीत आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत डबा खाता खाता त्याला सहज म्हटले, ‘तुम्ही रझाकार होते ना रे?’ त्यात भांडण नव्हते, दोघांनी नंतर एकत्रच लोणचे खाल्ले. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्याने दप्तर टाकले आणि भाजी निवडत बसलेल्या आमच्या अम्मीला विचारले, ‘दादी, अपन रझाकार थे क्या?’

अम्मीचा हात थांबला. ती आमच्याकडे बघून काही बोलली नाही. नातवाला म्हणाली, ‘चुप बैठ. जा, हाथ-मुँह धो, पढाई कर.’

हे उत्तर आम्ही ओळखले. १९९२ च्या डिसेंबरात आम्ही असेच काहीतरी विचारले होते तेव्हा आमच्या अब्बांनी हेच सांगितले होते. बहुधा १९४८ साली अम्मीने विचारले असेल तेव्हा तिलाही हेच ऐकावे लागले असेल. तीन पिढ्या झाल्या, प्रश्न विचारणारे बदलले, उत्तर तेच राहिले. हा लेख त्या उत्तराबद्दल आहे.

आधी त्या मुलाच्या प्रश्नातला सरळ इतिहास. वाशीम, मंगरुळपीर, कारंजा, रिसोड हा मुलूख निझामाचाच होता, पण २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला होता, त्यापोटी. १९०२ साली कर्झन आणि मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वर्षाला २५ लाख रुपयांवर हा प्रांत कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिला आणि मध्य प्रांताला जोडला गेला. निझामाकडे नाव उरले. १९३६ नंतर त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. राजपुत्र होता, पण वऱ्हाडातला महसूल त्याच्या हातात नव्हता. म्हणजे १९४७-४८ साली पैनगंगेच्या या काठाला भारत होता आणि त्या काठाला हैदराबाद संस्थान, आपली वेगळी नाणी, वेगळे टपाल आणि करोडगिरीची वेगळी वसुली असलेले. वाशीमहून हिंगोलीला जाताना आजही कन्हेरगाव नाका लागतो. नाक्यावर आता कुणी अडवत नाही, पण गावाच्या नावातला नाका गेलेला नाही.

रझाकार ही हैदराबाद संस्थानातल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची स्वयंसेवक फौज. तिचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात तिचे राज्य नव्हते. तेव्हा ‘आपण रझाकार होतो का’ या प्रश्नाला वाशीमच्या मुसलमान मुलाला एका शब्दात उत्तर देता येते : नाही. आम्ही त्याला त्या संध्याकाळी तेच दिले, आणि नकाशाही काढून दाखवला. तो खूष झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याने सांगितले, ‘आम्ही नव्हतो, ते हिंगोलीवाले होते.’

हे ऐकून आम्हीच वरमलो. कारण हिंगोलीवाले म्हणजे कोण? आमच्या घरातल्या निम्म्या सुना पलीकडच्या. सेनगाव, कळमनुरी, औंढा इथे आमच्या मावश्या, आत्या, मेहुणे. वऱ्हाडातली कयाधू रिसोड तालुक्यात उगम पावते आणि हिंगोलीला जाऊन मिळते तशीच आमची सोयरीक. पोराने एका वाक्यात आपली मान सोडवून घेतली आणि मामाची अडकवली. खरे उत्तर नकाशाने देता येणार नव्हते. ते अम्मीकडे होते.

अम्मी तेव्हा आठ वर्षांची होती, रिसोड तालुक्यातल्या आपल्या माहेरच्या गावी. एका बैठकीत तिने काही सांगितले नाही. आठ-पंधरा दिवस, कधी तांदूळ निवडताना, कधी अस्रच्या नमाजनंतर, एकेक तुकडा. पहिला तुकडा ऐकून आम्हीच चकित झालो, कारण तो मुसलमानांचा नव्हता. १९४७ सरता सरता आणि पुढचे सहा-आठ महिने पलीकडून बैलगाड्या येत. त्यात हिंदू कुटुंबे. रझाकारांच्या आणि निझामाच्या पोलिसांच्या भीतीने घरदार सोडून आलेली. कुणी वाड्यात, कुणी देवळाच्या ओसरीत, कुणी नातेवाइकांच्या खळ्यावर राहिले. अम्मीच्या घरासमोर अशी एक बाई दोन महिने राहिली होती. तिच्या मुलीबरोबर अम्मी सागरगोटे खेळायची. ती मुलगी रात्री झोपेत ओरडायची, असे अम्मीला आठवते. ‘हमारे अब्बा ने उनको ज्वारी दी थी,’ ती म्हणाली, आणि लगेच, ‘ये लिखना.’ लिहिले.

रझाकारांचे अत्याचार ही कुणी रचलेली कथा नाही, हे आपल्या मुलांना सांगताना आपली जीभ अडखळते. अडखळू नये. २९ ऑक्टोबर १९४६ ला नांदेडकडच्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांना मारण्यात आले. पुढे दोन वर्षे संस्थानात गावे जळत राहिली. आणि त्या रझाकारांनी मारलेल्यांत एक मुसलमान संपादक होता हे मात्र आपणही सांगत नाही आणि चित्रफीत करणारेही सांगत नाहीत. शोएबुल्ला खान, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला. आमच्या धाकट्याला हे नाव सांगितले तेव्हा त्याने विचारले, ‘मग ते आपले की त्यांचे?’ पाचवीतल्या मुलाला जग असे दोन डब्यांत भरलेले दिसते याला तो जबाबदार नाही.

दुसरा तुकडा सप्टेंबरचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निझामाने शरणागती पत्करली. पाच दिवस. त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. आता उलट दिशेची माणसे येऊ लागली. ती दिवसा गाड्या जुंपून येत नव्हती, रात्री पायी येत होती. भादव्याचे दिवस, नदीला पाणी. उतार मिळेपर्यंत अम्मीची सख्खी खाला दोन मुलांना घेऊन दोन रात्री काठावरच्या तुरीत बसून राहिली. नवरा मागे राहिला होता. तो पुढे कधी आला नाही.

मुलांना काय सांगितले होते? मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चारची. रडली तर सगळेच मेले असते. खालाने सांगितले होते की आपण शादीला चाललो आहोत. मामूच्या घरी शादी आहे, चोर पाठीमागे आहेत, दागिने आहेत ना आपल्याजवळ, म्हणून आवाज करायचा नाही. ती मुले दोन रात्री लग्नाला निघाली होती. पहाटे अम्मीच्या दारात पोहोचल्यावर त्या पोराने अंगणभर नजर फिरवली, मांडव नाही, शहनाई नाही, आणि म्हणाला, ‘दुल्हन किधर है?’

अम्मीने हे सांगितले तेव्हा ती हसली. या घरात सत्त्याहत्तर वर्षे ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली गेली आहे, हे आमच्या लक्षात आले. ‘दुल्हन किधर है’ ही आमच्या खानदानातली म्हण आहे. कुणी उशिरा आले, जेवण संपले, वीज गेली की कुणीतरी म्हणते, दुल्हन किधर है, आणि सगळे हसतात. आम्हीही शेकडो वेळा म्हटले असेल. ही म्हण कुठून आली ते आम्हाला वयाच्या पंचेचाळिशीत कळले.

खालाचा तो मुलगा पुढे एस.टी.त लागला, निवृत्त झाला, आता नाही. त्याने आपल्या मुलांना त्या रात्रींबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, असे त्याच्या मुलाने आम्हाला फोनवर सांगितले. ‘अब्बा एवढेच म्हणायचे, आम्ही लहानपणी मामूकडे राहायला आलो.’

घरातल्या या शांततेला एक सरकारी जोडीदार होता. पोलीस ॲक्शननंतर काय झाले ते पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री असे तिघे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरले. सोळांपैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. त्यांचा अंदाज असा की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांची. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. सरदार पटेलांना तो एकतर्फी वाटला. आकड्यांवर वाद आहेत आणि ते राहतील. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात वाचकांना पाहता येऊ लागला आणि ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरील आपल्या पुस्तकात तो छापला.

आम्ही तो अहवाल वाचला तेव्हा तीन गोष्टींपाशी थांबलो. एक म्हणजे, रझाकारांच्या जुलुमांना त्यात झाकलेले नाही. दुसरी, लुटालूट आणि कत्तल करणाऱ्यांत सरहद्दीपलीकडून, म्हणजे भारतीय हद्दीतून आलेल्या हत्यारबंद टोळ्याही होत्या असे त्यात म्हटले आहे. भारतीय हद्द म्हणजे आमचीही बाजू. ‘आम्ही वऱ्हाडातले, आमचा काय संबंध’ हे त्यामुळे कुणालाच म्हणता येत नाही, ना इथल्या मुसलमानाला, ना इथल्या हिंदूला. तिसरी गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्री-पुरुषांना वाचवले, आणि विणकरांमध्ये हे विशेष दिसले, असे तिघांनी नमूद केले आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यात स्वतः मेले. एका मागावर बसणाऱ्यांची ती सोयरीक.

खालाला कुणी वाचवले होते ते अम्मीने या सगळ्यात सांगितले नव्हते. ते पुढे येईल.

हा इतिहास वाशीमच्या कोणत्या पुस्तकात आहे? आमच्या मुलांना वाकाटकांची वत्सगुल्म राजधानी पाठ आहे. ते चांगलेच आहे, गावाचा मान आहे. पण दीड हजार वर्षांपूर्वीचे वाशीम सांगता येते आणि आजीच्या लहानपणीचे सांगता येत नाही. पलीकडच्या हिंगोलीत मुक्तिसंग्राम शिकवतात. त्यात रझाकार येतात, सप्टेंबरनंतरचे काही येत नाही. आमच्या मोहल्ल्यात सप्टेंबरनंतरचे कुजबुजीत येते, त्याआधीचे येत नाही. ज्याला जो अर्धा मिळाला तो त्यालाच पूर्ण समजून मोठा होतो. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस ही लढाई मुसलमानांशी आहे असे म्हणत नव्हती. कासिम रझवी मात्र म्हणत होता की तो सगळ्या मुसलमानांच्या वतीने बोलतो. आज चित्रफीत बनवणारे नेमके रझवीचे म्हणणे खरे धरून चालतात, ही गंमत त्यांच्या ध्यानात येत नसावी. रझवी तुरुंगातून १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या भाषणांचा हिशेब इथे राहिलेल्यांनी चुकवला, ज्यांत खालाचा नवरा होता. तो गावात बैलांना नाल ठोकायचा.

आमच्या स्वतःच्या लहानपणाकडे वळतो. ६ डिसेंबर १९९२. आमच्या घरी रेडिओ होता, आणि संध्याकाळी बी.बी.सी.च्या उर्दू सेवेचा ‘सैरबीन’ लागायचा. एरवी अब्बा तो इतका मोठा लावत की शेजारचे मारवाडी काकाही ओट्यावरून ऐकत. त्या आठवड्यात त्यांनी आवाज कमी केला. कान रेडिओला लावून ऐकायचे आणि आम्ही आत आलो की बटण फिरवायचे. मग जानेवारीत मुंबईहून माणसे येऊ लागली. मुंबईला बेकरीत, गॅरेजमध्ये, हातमागाच्या दुकानात कामाला गेलेले आमच्या भागातले तरुण. मोठ्या गाडीने अकोल्यापर्यंत आणि तिथून मीटरगेजच्या छोट्या गाडीने वाशीम. त्यातला एक चुलतभाऊ महिनाभर आमच्याकडे होता. दाढी काढून आला होता. आम्ही विचारले, भाईजान, दाढी का काढली? अब्बा म्हणाले, ‘चुप. जा, पढाई कर.’

कमी केलेला आवाज मुलांना मोठ्या आवाजापेक्षा जास्त ऐकू येतो. आम्हाला त्यावरून इतकेच कळले की आपल्याबद्दल काहीतरी असे आहे जे शेजारच्या काकांना ऐकू जाऊ नये. काय ते माहीत नाही, म्हणून आम्ही ते मनाशी रचले. आम्ही आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी मिळून असे ठरवले होते की मुंबईत आता एकही मुसलमान उरलेला नाही. दहा हजार मेले, असे एकजण सांगायचा, दुसरा पन्नास हजार. न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आम्ही कॉलेजात असताना, १९९८ साली आला. त्यात मृतांची संख्या ९००, त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. नऊशे हा आकडा भयंकर आहे, आणि तरी तो वाचून आम्हाला वाटले ते सांगायला संकोच वाटतो : सुटल्यासारखे वाटले. पाच वर्षे आम्ही पन्नास हजारांचे ओझे वाहत होतो. आणि २७५ चा तर आम्हाला पत्ताच नव्हता. मेलेल्यांत हिंदूही होते हे कुणी सांगितले असते तर शेजारच्या काकांकडे आम्ही त्या वर्षभर ज्या नजरेने पाहिले तसे पाहिले नसते. त्या बिचाऱ्यांना तर काही कळलेही नाही. ते दिवाळीचा फराळ घेऊन आले, आम्ही तो खाल्ला नाही. अम्मीने विचारले, कायको नहीं खाता? तेव्हा गप्प बसण्याची पाळी आमची होती.

आता आवाज कमी करायला रेडिओ नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून मोर्चे निघाले, दगडफेक झाली, दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला आणि अमरावती पेटली. संचारबंदी लागली. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्यात, म्हणजे १ जुलै १९९८ पर्यंत जो आमचाच जिल्हा होता तिथे, समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल झाली, त्यात एकाचा जीव गेला. १७ मार्च २०२५ ला नागपूर. खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून निदर्शने, मग एक अफवा, मग जाळपोळ. या तिन्ही वेळी मुलांना मोठ्यांच्या आधी कळले. जे कळले त्यातले निम्मे दुसऱ्याच गावचे, दुसऱ्याच वर्षीचे. सरकार अशा वेळी इंटरनेट बंद करते. एक कबूल करायला हवे, अमरावतीतल्या आमच्या बहिणीच्या घरी त्या बंदच्या दिवसांत मुले आईबापांशी जितके बोलली तितके वर्षभरात बोलली नव्हती. दुसरे कुणी विचारायला नव्हतेच.

औरंगजेबाचा प्रश्न आमच्या घरी आणखी जवळून आला. जानेवारी २०२३ मध्ये मंगरुळपीरला दादा हयात कलंदर यांच्या उर्सात, संदलच्या मिरवणुकीत, काही पोरांनी औरंगजेबाचे चित्र नाचवले. गुन्हे दाखल झाले. कलंदर बाबांच्या दर्ग्यात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या जातात, तसे हिंदूही जातात, नवस बोलतात. त्या बाबांच्या उर्सात दिल्लीच्या बादशहाचे काय काम, हे त्या पोरांना विचारायला हवे होते. पण त्या पोरांना तरी कुणी काय सांगितले होते? ‘औरंगजेब तुमचा’ असे त्यांना रोज सांगितले गेले आणि एक दिवस ते हो म्हणाले. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला. आमची मोठी मुलगी, तेव्हा नववीत, मैत्रिणींबरोबर जाऊन पाहून आली. संभाजी महाराजांचे हाल पाहून तीही रडली होती. बाहेर पडल्यावर एका मैत्रिणीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की तिने डोळे पुसणे थांबवले. घरी येऊन म्हणाली, ‘अब्बा, मेरेकू रोना भी मना है क्या?’

तिला आम्ही कारंज्याची गोष्ट सांगितली. १६७० साली शिवाजी महाराजांनी वऱ्हाडातल्या मोगलांच्या या श्रीमंत पेठेवर छापा घातला. आमच्याच जिल्ह्यातले कारंजा. लूट वाहून न्यायला हजारो बैल आणि गाढवे लागली, एवढी ती मोठी होती. आता पेठ मोगलांची, पण तिजोऱ्या सावकारांच्या, आणि कारंज्याचे सावकार कोणत्या धर्माचे असणार? बादशहाचा महसूल तोडायचा म्हणून राजाने बादशहाची पेठ मारली. त्याच काळात महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, दप्तरात काझी हैदर होता. हाच काझी पुढे औरंगजेबाकडे गेला. औरंगजेबाच्या बाजूने मिर्झाराजे जयसिंग लढला. तिने सगळे ऐकले आणि विचारले, ‘मग तो क्रूर नव्हता?’ होता. बापाला कैद केले, भावांना मारले, संभाजी महाराजांना हाल करून मारले. तो क्रूर होता हे म्हणायला मुसलमानाने कचरायचे कारण नाही, आणि त्याचा जबाब द्यायलाही आपण बांधील नाही. तिला रडायला मनाई नाही, एवढे तिला त्यातून कळले असावे. नक्की सांगता येत नाही.

सांगण्याच्या बाजूने इतके लिहिल्यावर आमची एक चूकही लिहितो. अम्मीचा विरोध होता, ‘बच्चों के दिल में ये मत डालो.’ आम्हाला वाटले हीच ती जुनी भीती. आणि उत्साहाच्या भरात आम्ही सुंदरलाल समितीच्या अहवालातली काही पाने मोठीला वाचायला दिली. विहिरींची, बायकांची पाने. ती दोन रात्री झोपली नाही. महिनाभर त्या मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला गेली नाही. मैत्रीण दोनदा बोलवायला आली, ही आतल्या खोलीत बसून राहिली. आम्ही १९९२ च्या फराळाची तीच ताटली पुन्हा मुलीच्या हातात दिली होती. अम्मीने आम्हाला बोल लावला नाही. तिने त्या रात्री नातीला जवळ घेऊन झोपवले, आणि तेव्हा तिला ते सांगितले जे आम्हाला सांगितले नव्हते. खाला ज्या गावातून निघाली त्याच्या पुढच्या गावच्या पाटलाने तिला आणि मुलांना दिवसभर कडब्याच्या गंजीआड ठेवले होते. टोळी आली, तेव्हा तो दारात उभा राहिला आणि बोलला, इथे कुणी नाही, आणि असले तरी माझ्या दारातून नेता येणार नाही. रात्री त्याच्याच गड्याने त्यांना नदीपर्यंत सोडले.

आम्ही अम्मीला विचारले, हे आधी का नाही सांगितले? ती म्हणाली, ‘तुम पूछते थे कौन मारा. उसने पूछा, कैसे बचे.’

मुलीने खरेच तसे विचारले होते. आम्ही इतिहासाचे पदवीधर, आम्हाला तो प्रश्न सुचला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गाडी करून निघालो. हिंगोलीला मामेबहिणीकडे जायचे होते, मोठीची मैत्रीणही बरोबर होती. तिला बोलवायला मोठीच गेली, काय बोलली ते आम्ही विचारले नाही. पैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. पाऊस चांगला झाल्यामुळे पाणी होते, पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होते. अम्मीला उतरायला त्रास होतो, ती खिडकीतूनच बघत होती. ती म्हणाली उतार इथे नव्हता, वरच्या अंगाला होता, बाभळी होत्या तिथे. बाभळी आता नाहीत. धाकट्याने विचारले, इकडे भारत आणि तिकडे निझाम ना? आम्ही म्हटले, हो. त्याने पुलाच्या मधोमध एक रेघ ओढली आणि एक पाय इकडे, एक पाय तिकडे असा थोडा वेळ उभा राहिला. ट्रक आला म्हणून त्याला ओढून बाजूला घ्यावे लागले.

मग तो खिडकीपाशी गेला. ‘दादी, वो जो शादी थी ना, उसमें खाना क्या था?’

अम्मीने थोडा विचार केला. ‘ज्वारी की भाकर,’ ती म्हणाली. ‘और ठेचा. पाटलीन ने फडके में बाँध के दी थी. खाला बोलती थी, छोटी को ठेचा तीखा लगा तो रोने लगी, तो पाटलीन ने अंधेरे में अंदर जाके गुड ला के दिया.’